संगणकाला हार घातला, पुढे काय?

दसऱ्याला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. शेतकरी विळा-कोयता पुजतो, सुतार करवत-रंधा पुजतो आणि ज्याच्या घरी यांतले काहीच नाही तो निदान स्कूटर धुऊन तिला झेंडूची माळ घालतो. गेली बरीच वर्षे आमच्या घरी या पूजेत संगणकही असतो. वर्षभराची धूळ त्या दिवशी मन लावून पुसली जाते, पडद्याच्या कोपऱ्याला हळद-कुंकवाची बोटे लागतात, कळफलकावर आपट्याची दोन पाने ठेवली जातात आणि आमचे कर्तव्य संपते.

मागच्या दसऱ्याला सोने द्यायला आलेल्या भाचीने ही पूजा पाहिली. ती एका कचेरीत हिशेबाचे काम करते, त्यामुळे प्रश्न विचारण्याची तिला सवय आहे. नमस्कार करून उठता उठता तिने विचारले, "मामा, पूजा छान झाली. पण याच्यात जे काही आहे, त्याची दुसरी प्रत कुठं आहे?"

मी काही बोललो नाही. उत्तर मला चांगले ठाऊक होते, आणि ते एकदा महागात पडलेले होते.

माझ्या आईला जात्यावरच्या ओव्या येत. वाई तालुक्यातल्या तिच्या माहेरी पहाटे दळण बसे, तेव्हा कानांवर पडून पाठ झालेल्या. १९९१ च्या मे महिन्यात आम्ही भावंडांनी तिला टेपरेकॉर्डरपुढे बसवले आणि तीन कॅसेट भरून घेतल्या. पुढे आई गेली. २००७ साली मी त्या कॅसेट मोठ्या हौसेने संगणकावर उतरवल्या आणि त्याच दिवाळीच्या आवराआवरीत 'आता सगळे संगणकात आहे' असे म्हणून त्या भंगारात देऊन टाकल्या. २०१३ च्या पावसाळ्यात एके सकाळी संगणक सुरू केला तर आतून टकटक असा आवाज येऊ लागला आणि पडदा काळाच राहिला. दुरुस्तीवाल्या मुलाने खोके उघडले, पाच मिनिटांत निदान केले आणि शांतपणे विचारले, "काका, डिस्क गेली. नवीन टाकू का?" त्याचा काहीच दोष नव्हता. नवीन डिस्क दुसऱ्या दिवशी बसली. ओव्या मात्र गेल्या.

तेव्हापासून माझे एक मत बनले आहे, आणि आजचा हा लेख त्या मतासाठीच आहे. संगणक, मोबाइल आणि इंटरनेट सांभाळणे हे हुशारीचे काम नाही. ते घरकाम आहे. रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद करणे, डाळीला ऊन दाखवणे, पावसाळ्यापूर्वी घर शाकारणे, या जातीचे. आपल्या आज्या-पणज्यांना शाळेचे तोंड दिसले नसेल, पण पेरणीचे बियाणे खाण्याच्या धान्यात मिसळायचे नाही, दागिन्यांच्या पेटीची किल्ली कुठे असते ते दोघांनाच ठाऊक असावे, परक्या माणसाच्या घाईला बळी पडून दार उघडायचे नाही, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. घराचे नियमच तसे होते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्याला तीस वर्षे उलटून गेली. घरात ही एक नवी खोली आली, तिच्यात आपण पैसे ठेवले, फोटो ठेवले, पत्रे ठेवली, आणि तिच्यासाठी नियम मात्र एकही केला नाही. 'ते सगळं आमचा मुलगा बघतो' एवढ्यावर भागवले.

तर आता नियमांकडे वळू. ते मोजून चार आहेत, आणि ते पाळण्यासाठी संगणकाचा कोणताही अभ्यासक्रम करावा लागत नाही.

पहिला नियम दुसऱ्या प्रतीचा. जी गोष्ट एकाच जागी आहे ती हरवलेलीच समजावी. फक्त कधी, एवढाच प्रश्न असतो. छायाचित्रकारांच्या जगात यासाठी तीन-दोन-एक असा एक सोपा हिशेब रूढ आहे. महत्त्वाच्या गोष्टीच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक तरी घराबाहेर असावी. घरगुती भाषेत सांगायचे तर एक प्रत संगणकात किंवा मोबाइलमध्ये, दुसरी बाहेरून जोडायच्या हार्डडिस्कवर आणि तिसरी इंटरनेटवरच्या साठ्यात किंवा बहिणीच्या कपाटात. काम झाल्यावर ती हार्डडिस्क संगणकाची जोडणी काढून ठेवावी. ती कायम जोडलेली राहिली तर विजेचा झटका आणि विषाणू दोन्ही तिच्यापर्यंत एकदमच पोहोचतात. पेनड्राइव्ह ही निरोप्याची जागा आहे, तिजोरी नव्हे. वर्षानुवर्षे काही साठवायला तिच्यावर विसंबू नये.

यात एक मोठा गैरसमज आहे. 'माझे फोटो वर गूगलमध्ये आहेत, मला काळजी नाही' असे अनेकजण सांगतात. वर म्हणजे कुठे, तर दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकावर. ती सोय चांगलीच आहे, पण तिचे वळण समजून घ्यायला हवे. मोबाइलमध्ये जागा करायची म्हणून गूगल फोटोजमधून आपण एखादा फोटो पुसला, तर तो मोबाइलमधून जातो आणि वरूनही जातो. साठ दिवस तो कचऱ्याच्या डब्यात पडून असतो, नंतर कायमचा नाहीसा होतो. फक्त मोबाइलमधली जागा रिकामी करण्याचा पर्याय वेगळा असतो, तो शोधून वापरावा. दुसरे म्हणजे, या मोफत साठ्याला मर्यादा आहे. १ जून २०२१ पासून नवे फोटो पंधरा गिगाबाइटच्या हिशेबात धरले जाऊ लागले, आणि त्याच पंधरात आपली ईमेलही असते. रोज सकाळी येणारी 'शुभ सकाळ'ची फुले साठत साठत हा कोठार भरला की नवी पत्रे येणे बंद होते आणि एखादे महत्त्वाचे पत्र बाहेरच्या बाहेर परत जाते. तेव्हा महिन्यातून एकदा फुले काढावीत, माणसे ठेवावीत.

प्रत केली म्हणजे काम झाले असेही नाही. वर्षातून एकदा ती उघडून पाहावी लागते. पापडाच्या डब्याला आपण मध्येच ऊन दाखवतो ना, तसे. आणि मराठी लिहिणाऱ्यांसाठी एक खास सूचना आहे. नव्वदच्या दशकात आपण निरनिराळ्या फॉन्टांत जे मजकूर टंकले, ते मुळात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे चित्र बसवण्याचे तंत्र होते. तो फॉन्ट नसला की आज तीच फाइल उघडल्यावर उलटीसुलटी चिन्हे दिसतात. वडिलांचे आत्मवृत्त, मंडळाची जुनी स्मरणिका, कुलवृत्तांत असे काही तुमच्याकडे तशा स्वरूपात असेल तर ते युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या, आणि एक छापील प्रतही काढून ठेवा. कागदाला फॉन्ट लागत नाही. फोटोंचेही तसेच. दर वर्षीचे दहा-वीस निवडक फोटो छापून अल्बममध्ये लावण्याची जुनी रीत आपण सोडली, ती मला पुन्हा धरावीशी वाटते.

दुसरा नियम किल्ल्यांचा, म्हणजे पासवर्डचा. या बाबतीत आपला छळ बऱ्याच वर्षांपूर्वी सुरू झाला. अमेरिकेच्या मानक संस्थेने २००३ साली एक मार्गदर्शिका काढली. पासवर्डात लहान-मोठी अक्षरे, आकडे आणि चिन्हे यांची भेसळ असावी, तो ठरावीक मुदतीने बदलावा, या रिवाजाचे मूळ बऱ्याच अंशी तिच्यात आहे. जगभरच्या कचेऱ्यांनी तो उचलला आणि माणसांनी त्यातून अशी पळवाट काढली, की नावाचे पहिले अक्षर मोठे करायचे आणि शेवटी एक दोन तीन लावायचे. चोरांनाही ती पळवाट पाठ झाली. २०१७ साली त्याच संस्थेने आपला सल्ला फिरवला, आणि मूळ मार्गदर्शिका लिहिणाऱ्या बिल बर यांनी त्या जुन्या सल्ल्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. आजचे मत असे, की पासवर्ड अवघड असण्यापेक्षा लांब असावा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले तर तो तुमच्या लक्षात राहतो आणि चोराला सापडत नाही. त्यात देवाचे नाव, मुलाचे नाव आणि जन्मसाल यांपैकी काहीही नको. या तीन गोष्टी तुमच्या सोसायटीतल्या सर्वांना माहीत असतात.

सर्व किल्ल्यांमध्ये मुख्य किल्ली ईमेलची. कारण कोणताही पासवर्ड विसरलात की नवा करण्याची वाट बहुतेक वेळा ईमेलमधूनच जाते. ज्याच्या हाती तुमचे ईमेल, त्याच्या हाती सगळा जुडगा. म्हणून ईमेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नये, आणि तिथे दुहेरी पडताळणीची सोय सुरू करावी. म्हणजे पासवर्ड चोरला गेला तरी दुसरे कुलूप शिल्लक राहते. व्हॉट्सॲपवरही सहा आकडी पिन ठेवता येतो, तो ठेवावा. तिथेच आपले खाते आणखी कोणकोणत्या संगणकांवर उघडे आहे याची यादी दिसते, तीही अधूनमधून पाहावी.

पासवर्ड वहीत लिहून ठेवावेत की नाही यावर घरोघरी वाद होतात. माझे मत ऐकून जाणकार कदाचित हसतील, पण मी वहीच्या बाजूचा आहे. हजार मैलांवर बसलेल्या चोराला तुमच्या कपाटातली वही उघडता येत नाही. एकच सोपा पासवर्ड दहा ठिकाणी वापरण्यापेक्षा दहा लांब पासवर्ड वहीत लिहून ती कागदपत्रांच्या कपाटात कुलपात ठेवणे कितीतरी बरे. मात्र बँकेचा पिन त्या वहीत नको, आणि त्या वहीचा फोटो काढून मोबाइलमध्ये तर मुळीच नको.

तिसरा नियम घाईचा. खरे म्हणजे हा पहिलाच यायला हवा होता, कारण पैसे जातात ते इथे.

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिका आहेत. वय सत्तरीच्या पुढे, व्याकरण चोख, हिशेब चोख. एके दुपारी त्यांना फोन आला. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, तुमच्यावर गुन्हा दाखल झाला आहे, साहेबांशी बोला. पाठोपाठ व्हिडिओ कॉल. पडद्यावर गणवेशातला माणूस, मागे भिंतीवर राजमुद्रा. 'तुम्ही डिजिटल अटकेत आहात. खोलीचे दार लावून घ्या, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कुणाशी बोललात तर मुलालाही अटक होईल.' बाई सव्वादोन तास तशा बसून होत्या. मुदत ठेवीचा आकडा त्यांनी सांगून टाकला होता आणि त्या ठेवी मोडायला निघणार, एवढ्यात दाराची घंटा वाजली. शेजारची मुलगी विरजण मागायला आली होती. त्या मुलीला बाईंचा चेहरा पाहून संशय आला आणि तिने फोन हिसकावून बंद केला. वाचल्या.

भारतीय कायद्यात 'डिजिटल अटक' नावाची गोष्टच नाही. कोणतेही पोलीस, न्यायालय वा सरकारी खाते व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि चौकशीसाठी पैसे कुठल्या खात्यात भरायला सांगत नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही हे सांगितले होते. बाईंनी ते वाचलेही होते! वाचलेले ऐन वेळी आठवत नाही, कारण चोर आपल्याला आठवायला वेळच देत नाही. नीट पाहिले तर या सर्व फसवणुकींचा साचा एकच दिसतो. आधी भीती किंवा लोभ, मग घाई, आणि शेवटी 'कुणाला सांगू नका'. वीज आज रात्री कापली जाईल, खाते आज बंद पडेल, बक्षीस आजच घ्या. ज्या निरोपात आज, आत्ता आणि गुपचूप हे तीन शब्द एकत्र आले, तो निरोप खोटा, असे धरून चालायला काहीच हरकत नाही.

त्याखाली काही छोटी कलमे ध्यानात ठेवावीत. यूपीआयने पैसे देताना पिन लागतो, पैसे घ्यायला कधीच लागत नाही. 'पैसे पाठवतो, पिन टाका' म्हणणारा माणूस तुमचे पैसे घेतो आहे. फोनवर आलेला ओटीपी हा तुमचा स्वतःचा आहे, बँकेलाही तो विचारण्याचे कारण नाही. व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका किंवा वाहतुकीच्या दंडाची पावती म्हणून आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी तीन अक्षरे असतील तर ती पत्रिका नसून मोबाइलमध्ये घुसणारा प्रोग्रॅम आहे; ओळखीच्या माणसाकडून आली तरी उघडू नये, कारण त्या बिचाऱ्याचाच मोबाइल आधी लुबाडला गेलेला असू शकतो. मे २००० मध्ये प्रेमपत्राच्या नावाखाली आलेल्या ईमेलने जगभरातले लक्षावधी संगणक असेच आडवे केले होते. नाव बदलले, आपले कुतूहल तेच राहिले. ग्राहकसेवेचा नंबर इंटरनेटवर शोधू नये. तो पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे असतो. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून आपला पडदा त्याला दाखवणारे ॲप घेऊ नये. बँकेचे संकेतस्थळ उघडताना पत्त्याचा शेवट पाहावा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांना आपले पत्ते 'डॉट बँक डॉट इन' या शेवटावर न्यायचे होते. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत हे पाहण्याची आणि हरवलेला मोबाइल निकामी करण्याची सोय सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर आहे. त्यासाठी मोबाइलचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक बिलावरून वहीत उतरवून ठेवावा.

इतके करूनही पैसे गेलेच, तर लाजत बसू नये. १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, त्यावर लगेच फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतात. वाटेत असतानाच ते अडवता आले तर आले. इथे मिनिटांचा हिशेब असतो, आणि आपण मात्र 'आता हे घरी कसं सांगू' या विचारात ती मिनिटे घालवतो.

आणि आता मला खरे जे म्हणायचे आहे ते. त्या शिक्षिकाबाईंना मी नंतर विचारले, "बाई, मुलाला एक फोन का नाही केलात? तो तर याच क्षेत्रात आहे." त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मागच्या महिन्यात बिल भरताना काहीतरी अडलं म्हणून त्याला फोन केला होता. तो म्हणाला, आई, तुला किती वेळा सांगायचं? म्हटलं, परत नको विचारायला."

त्या दिवशी घरी येताना मला माझाच थोरला भाऊ आठवला. दादाने 'हे कसं करायचं रे?' म्हणून मोबाइल पुढे केला की मी तो त्याच्या हातातून घ्यायचो, फटाफट चार ठिकाणी बोट लावायचो आणि 'झालं' म्हणून परत द्यायचो. मला वाटे, मी मदत केली. दादा काय शिकला? एवढेच, की हे आपले काम नाही आणि विचारले की धाकटा भाऊ वैतागतो. चोर म्हणतो 'कुणाला सांगू नका', तेव्हा त्याचे काम सोपे झालेले असते. कारण न सांगण्याची सवय आपण घरच्यांनीच आधी लावून ठेवलेली असते. आपण ज्या घाईने मोबाइल हिसकावतो, ती घाई त्या चोराच्या घाईची सख्खी बहीण आहे.

म्हणून शिकवताना मोबाइल ज्याचा त्याच्याच हातात असू द्यावा, बोटही त्याचेच असावे. आपण फक्त शेजारी बसावे आणि तोंडाने सांगावे. एक रुपया पाठवून पाहायला लावावे. चुकला तर रुपयाच जाईल. पायऱ्या त्यांच्या वहीत त्यांच्या अक्षरात, त्यांच्या शब्दांत लिहून घेऊ द्याव्यात. दादाने व्हॉट्सॲपच्या चिन्हाला 'हिरवा फोन' लिहिले आहे आणि त्याचे काही अडत नाही. तेच तेच दहादा विचारले तर दहादा सांगावे. आपल्याला पाढे किती वेळा घटवून घ्यावे लागले होते, ते आठवावे! आणि घरात एक परवलीचा शब्द ठरवावा. हल्ली यंत्राच्या साह्याने माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते. 'बाबा, मी अडचणीत आहे, पैसे पाठवा' असा मुलीच्या आवाजात फोन आला तर आधी तो शब्द विचारायचा. एखाद्या जुन्या गाईचे, गल्लीचे, आजोळच्या विहिरीचे नाव चालेल. हा पासवर्ड कोणत्याही कंपनीकडे नसतो.

वयाने मोठ्या माणसांनाही एक विनंती आहे. 'आम्हाला यातलं काही कळत नाही' हे वाक्य कौतुकाने म्हणू नका. ज्यांनी रॉकेलच्या रांगेत उभे राहून आणि बँकेच्या चकरा मारून संसार केले, त्यांना चार चिन्हांची ओळख जड नाही. बिल दुसऱ्याकडून भरून घ्या हवे तर, पण पिन आपलाच ठेवा आणि आपणच टाका.

चौथा नियम शाकारणीचा आणि निरवानिरवीचा. पावसाळ्यापूर्वी कौले परतायची असतात, तसे संगणक आणि मोबाइल मधूनमधून जे अपडेट मागतात ते द्यायचे असतात. त्यांतले बरेचसे चोरांना सापडलेल्या फटी बुजवण्यासाठी असतात. अनेक घरांत असलेल्या विंडोज १० या प्रणालीला असा आधार देणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. घरगुती ग्राहकांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा मुदत देऊ केली होती. संगणक चालतो आहे म्हणजे सुरक्षित आहे, असे नव्हे. यंत्र झेपणारे असेल तर विंडोज ११ घालावी, नसेल तर मोफत मिळणारी लिनक्स घालून घ्यावी, आणि तेही जमत नसेल तर निदान त्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करू नयेत. जुना मोबाइल विकताना किंवा कामवाल्या मावशींच्या मुलाला देताना आधी आपली खाती काढून तो पूर्ण पुसून द्यावा.

राहिली निरवानिरव. हा विषय रविवारच्या सकाळी काढू नये खरे, पण केव्हा तरी काढावाच लागतो. घरातला कर्ता माणूस अचानक जातो आणि तेराव्याच्या आत प्रश्न सुरू होतात. वीजबिल कुठल्या खात्यातून जायचे? विम्याचे पत्र कुठल्या ईमेलवर येते? मोबाइल उघडायचा कसा? फोटो, हिशेब, ओळखीच्या माणसांचे नंबर, सगळे त्या बंद काचेआड. यासाठी सोयी आहेत, आपणच त्या वापरत नाही. आपले खाते ठरावीक महिने वापरात नसेल तर ते कुणाच्या हाती द्यायचे, हे सांगून ठेवण्याची सोय गूगलने २०१३ पासून दिली आहे. ॲपलनेही २०२१ च्या अखेरीस वारसदार नेमण्याची सोय आणली. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल पुसूनही टाकू शकते. डिसेंबर २०२३ पासून ते काम सुरू झाले. बँकेत नामनिर्देशन आहे ना, हे आजच पाहावे. आणि एका पाकिटात एक कागद ठेवावा: कुठे कुठे खाती आहेत, कोणता मोबाइल नंबर कशाला जोडला आहे, वही कुठे आहे. नवरा-बायकोने तो दोघांनी मिळून लिहावा. लिहिताना लक्षात येते, की अर्ध्या गोष्टी दोघांपैकी एकालाच ठाऊक होत्या.

मागच्या दसऱ्याला भाची गेल्यावर आम्ही दोघांनी तो कागद लिहिला. दुसऱ्या दिवशी बाहेरची हार्डडिस्क आणली. आणि मी बऱ्याच वर्षांनी कऱ्हाडच्या मावशीला फोन केला, उगीचच, आईच्या ओव्यांबद्दल बोलायला. मावशी म्हणाली, "अरे, अक्कानं मला एक कॅसेट दिली होती की त्यातली. म्हणाली, माझ्याकडं तीन आहेत, एक तू ठेव, तुला एकटं वाटलं तर लावत जा." आम्हा भावंडांना न सांगता तिने एका कॅसेटची प्रत शेजारच्या मुलाकडून करून घेतली होती. धान्याचे, लोणच्याचे, विरजणाचे जे करायची, तेच तिने आपल्या आवाजाचेही केले. थोडे बहिणीकडे ठेवले.

कॅसेटची एक बाजू बुरशीने गेली आहे. दुसरी बाजू तीस मिनिटांची, खरखर आहे, पण आवाज ओळखू येतो. आता ती संगणकात आहे, हार्डडिस्कवर आहे आणि भाचीकडे आहे. मूळ कॅसेट मी मावशीला परत पाठवली. यंदाच्या दसऱ्याला संगणकाला हार घालताना आम्ही शेजारी एक कोरी वहीही पुजणार आहोत. दादा येणार आहे. त्याला रेल्वेचे तिकीट कसे काढतात ते शिकायचे आहे, आणि या खेपेला मोबाइल त्याच्याच हातात राहणार आहे.